पटावरील नांव

गेल्या महिन्यांत आमच्याकडे जीं पत्रें आलीं, त्यांतील दोन एकाच तक्रारीचीं होतीं. मुलगा शिकत आहे, असें घरचीं माणसें छातीवर हात ठेवून सांगतात; आणि इकडे बँकेचें पत्र येतें कीं, शिक्षण संपलें असें समजून कर्जाची वसुली सुरू करण्यांत येत आहे. हें कसें, असा दोघांहि गृहस्थांचा प्रश्न आहे. या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं आम्हांस फार लांब जावें लागत नाहीं, कारण हा प्रसंग आमच्याच घरावर गुदरलेला आहे. तो सांगतांना थोडा संकोच वाटतो, कारण त्यांत आमची बाजू शोभून दिसत नाहीं. परंतु दोन कुटुंबें विचारीत आहेत, तेव्हां सांगितलें पाहिजे.

आधीं मूळ व्यवस्था पाहूं. इंडियन बँक्स असोसिएशननें २००१ सालीं शैक्षणिक कर्जाचा एक नमुना ठरवून दिला. पुढें त्यांत वेळोवेळीं दुरुस्त्या झाल्या, आणि बहुतेक बँका त्याच चौकटींत कर्ज देतात. फीची रक्कम बँक मुलाच्या हातीं न देतां वर्षावर्षानें थेट कॉलेजाकडे पाठविते. अभ्यासक्रम चालू असेपर्यंत व त्यानंतर एक वर्षपर्यंत हप्ता मागावयाचा नाहीं, असा सामान्य नियम. मात्र हप्ता नाहीं म्हणजे व्याजहि नाहीं, अशी जी समजूत पुष्कळ घरांत असते ती खोटी आहे. २ लाख रुपये ९ टक्क्यांनीं घेतले असतील, तर सरळव्याजानें वर्षाचे १८,००० रुपये, म्हणजे महिन्याचे १,५०० रुपये, मुलगा वर्गांत बसलेला असतांनाहि चढतच असतात.

आतां 'अभ्यासक्रम चालू असेपर्यंत' हे तीन शब्द वाचकांनीं नीट पाहावेत. सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. पुण्यास किंवा नागपुरास शिकणारा मुलगा खरोखर शिकतो आहे, हें हिंगणघाटच्या शाखेंत बसलेल्या अधिकाऱ्यास कळावें कसें? मार्ग एकच. मागील परीक्षेचें गुणपत्रक, आणि कॉलेजाच्या कचेरींतून मिळणारा तो दाखला, ज्यास हल्लीं लहानथोर सर्वजण 'बोनाफाईड' म्हणतात. हे कागद कॉलेज आपण होऊन बँकेकडे सहसा पाठवीत नाहीं. विद्यार्थ्यानें अर्ज करावयाचा, खिडकीपुढें उभें राहावयाचें, शिक्का मारून घ्यावयाचा आणि बँकेंत नेऊन द्यावयाचा. म्हणजे ज्याच्याविषयीं साक्ष काढावयाची, तोच साक्षीचा कागद वाहून नेणारा! या व्यवस्थेंतील सगळी गोम येथें आहे.

अमेरिकेंत याच्या उलट रीत आहे. तेथें सरकारी कर्ज घेतलेल्या विद्यार्थ्याची स्थिति कॉलेजानें स्वतः सरकारच्या एका मध्यवर्ती नोंदवहींत कळवावी लागते, आणि तीहि निदान ६० दिवसांतून एकदां. पूर्ण वेळ, पाऊण वेळ, अर्धा वेळ, अर्ध्याहून कमी, रजेवर, सोडून गेला, पदवीधर झाला, असे निरनिराळे वर्ग ठरलेले आहेत. अर्ध्या वेळेहून कमी झाला कीं, नेहमींच्या सरकारी कर्जांत सहा महिन्यांची सवलत मोजूं लागतात, आणि ती सरली कीं हप्ता सुरू. पुष्कळ कॉलेजें हें काम १९९३ सालीं निघालेल्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस नांवाच्या संस्थेमार्फत करितात. आमच्या एका मामेबहिणीची नात तिकडेच जन्मली व वाढली. तिनें एक कॉलेज सोडून दुसऱ्यांत नांव घातलें. पहिल्यानें 'सोडून गेली' हें तत्परतेनें कळविलें. दुसऱ्यानें 'आली' हें कळविण्यास विलंब केला. मधल्या मधें हप्त्याचें पत्र दारीं! तेव्हां कॉलेजानें कळविलें म्हणजे चूक होत नाहीं, असें कोणीं समजूं नये. फरक एवढाच कीं, तेथें चूक झाली तर ती कॉलेजाची असते. आपल्याकडे ती मुलाच्या खिशांत असते.

आतां आमची गोष्ट. त्यापूर्वीं थोडें आत्मपुराण. वडनेरच्या आसपासच्या शाळांतून आम्हीं तीस वर्षांवर काम केलें, आणि 'शाळेंत शिकत असल्याचे' दाखले किती लिहिले याची गणती नाहीं. एकदां तालुक्यांतील एका वजनदार गृहस्थांनीं, शाळा सोडून शेतावर गेलेल्या मुलाच्या नांवें शिष्यवृत्तीसाठीं दाखला मागितला. आम्हीं जनरल रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून ठेविलें आणि हात जोडले. ही हकीकत आम्हीं घरांत पुष्कळ वेळां, जरूरीपेक्षां अंमळ अधिकच वेळां, सांगितलेली आहे.

आमचे धाकटे बंधू सहकुटुंब आमच्याजवळच राहतात. त्यांचा मुलगा पुण्यास इंजिनियरिंगला. कर्जावर सही बंधूंची. परंतु बँकेचा पत्रव्यवहार, घरांतील वडील या नात्यानें, आमच्याकडे. दोन वर्षें कागद वेळच्या वेळीं गेले. तिसऱ्या वर्षीं श्रावण गेला, दसरा गेला, दिवाळीस मुलगा येऊन चार दिवस राहून गेला, तरी दाखला नाहीं. विचारलें म्हणजे, "मोठेकाका, कचेरींत गर्दी आहे, पुढल्या आठवड्यांत देतों म्हणाले," असें उत्तर. मार्गशीर्षांत बँकेचें पत्र आलें. शैक्षणिक प्रगतीचे कागद न मिळाल्यामुळें विद्यार्थ्यानें अभ्यासक्रम सोडला असें गृहीत धरण्यांत येईल व परतफेड सुरू करण्यांत येईल. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावें.

आम्हीं दीड पान उत्तर लिहिलें. भाषा अशी कठोर कीं, आम्हांसच तिचें कौतुक वाटलें. तें घेऊन आम्ही स्वतः शाखेंत गेलों. तेथील अधिकारी बाई वयानें आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनीं पत्र शांतपणें वाचलें, फाईल काढली आणि म्हणाल्या, "काका, दाखला नाहीं, गुणपत्रक नाहीं, हें तर झालेंच. पण कॉलेजानें तिसऱ्या वर्षाची फीसुद्धां आमच्याकडे मागितलेली नाहीं. त्याचा अर्थ आपण पाहावा." आम्हांस तो अर्थ दिसावयास हवा होता. पण आम्हीं घरीं येऊन सांगितलें कीं, कॉलेजाचा कारभार गलथान आहे. वहिनींनीं तेवढें विचारलें, "फी कोणी विसरतें का हो, भाऊजी?" त्याकडेहि आम्हीं लक्ष दिलें नाहीं.

वर्ध्यास गाडींत बसून आम्ही पुण्यास गेलों. मुलगा स्टेशनावर आला, परंतु कॉलेजाच्या दारापर्यंत येऊन बाहेरच थांबला. खिडकींतील कारकुनानें नांव विचारलें, पट उघडला, दुसरा उघडला आणि म्हणाला, "तिसऱ्या वर्षाला हें नांव नाहीं. वाय. डी. आहे." दुसऱ्या वर्षाचे विषय राहिले होते, इतके कीं वरच्या वर्गांत प्रवेश मिळेना, वर्ष मागें पडलें होतें. सहा महिने मुलगा पुण्याच्या खोलींत राहून ग्रंथालयांत ते विषय करीत होता. आळस नव्हता, व्यसन नव्हतें. विषय सुटले कीं पुढल्या वर्षीं वर्गांत जाऊन बसावें, घरीं कोणास कळावयाचें कारणच नाहीं, असा त्याचा हिशेब. हिशेबांत बँक तेवढी राहून गेली.

आणि मग, वाचकहो, आम्हीं त्या कारकुनास जें म्हटलें तें येथें लिहितों. आम्ही म्हणालों, "नुसतें 'या कॉलेजांत शिकत आहे' एवढेंच लिहा. कोणतें वर्ष तें घालूं नका." तो आमच्याकडे पाहत राहिला. त्यानें कांहीं एक न बोलतां पट फिरवून आमच्यापुढें ठेविला. हात मात्र त्यानें जोडले नाहींत.

थोड्या वेळानें त्यानें दाखला लिहिला तो असा. अमुक वर्षीं प्रवेश. दुसऱ्या वर्षाचे विषय शिल्लक. परीक्षेचा अर्ज भरलेला आहे. उत्तीर्ण झाल्यास तिसऱ्या वर्षास प्रवेशास पात्र. अभ्यासक्रम पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख एक वर्षानें पुढें. आम्हांस वाटलें, हा कागद म्हणजे बँकेच्या हातीं दिलेलें कोलीत. प्रत्यक्षांत झालें उलट. नमुना-योजनेंतच अशी तरतूद आहे कीं, विद्यार्थ्यास ठरल्या मुदतींत अभ्यासक्रम पुरा करतां आला नाहीं, तर ती मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवितां येते. बंधूंनीं तसा अर्ज दिला, दाखला जोडला, आणि हप्ते सुरू होण्याची तारीख एक वर्षानें पुढें गेली. एका वर्षाचें जास्त व्याज चढेल, तें चढेल. पण जी गोष्ट मुलानें सहा महिने उराशीं लपवून ठेविली, तिच्यासाठीं नियमांत आधींपासून एक ओळ लिहून ठेविलेली होती! जूनमध्यें निकालाच्या दिवशींच त्यानें सांगितलें असतें, तर पुण्याची फेरी वांचली असती. त्यानें कां सांगितलें नाहीं, हें विचारण्याचा अधिकार घरांतील ज्या माणसास सर्वांत अधिक आहे असें आम्ही समजत होतों, त्याच माणसाच्या भीतीनें त्यानें सांगितलें नाहीं. हें त्यानें परतीच्या गाडींत सांगितलें.

पत्रास उत्तरच दिलें नसतें तर? हप्ता ९० दिवसांवर थकला म्हणजे बँकेच्या हिशेबीं तें कर्ज अनुत्पादक ठरतें, आणि सिबिलसारख्या संस्थांच्या दप्तरीं मुलाबरोबर सहकर्जदार बापाचेंहि नांव चढतें. मग पुढें घरासाठीं वा शेतीसाठीं कर्ज मागतांना तो डाग आडवा येतो.

ज्यांस सरकारी व्याजसवलत आहे त्यांनीं तर अधिकच जपावें. २००९-१० पासून सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेंत, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आंत असल्यास, तंत्रशिक्षण व व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कर्जाचें शिक्षणकाळांतील व त्यापुढील एका वर्षाचें व्याज सरकार भरतें. परंतु जो मध्येंच शिक्षण सोडतो, किंवा ज्यास शिस्तीच्या वा अभ्यासाच्या कारणावरून काढून टाकतात, त्यास ती सवलत नाहीं. आजारपणामुळें सोडावें लागल्यास तेवढा अपवाद, आणि त्यासहि संस्थाप्रमुखाचा कागद लागतो. तेव्हां 'मागें राहिला' व 'सोडून गेला' यांतील अंतर व्याकरणाचें नव्हे. त्याची किंमत हजारों रुपये आहे, आणि तें अंतर कारकुनाच्या लेखणीच्या टोंकावर असतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस कर्जाची आणखी सोय झाली आहे, व ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजांत ३ टक्के सूट ठेविली आहे. अर्ज संगणकावरून होतात, हें चांगलेंच. पण महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अनुभव ज्यांस आहे ते जाणतात कीं, अर्ज दिल्लीस वा मुंबईस जाण्यापूर्वीं कॉलेजाच्या टेबलावर तपासणीस थांबतो. तेथें कोणी पाहिला नाहीं तर तो तेथेंच राहतो.

कालिदासाच्या रघुवंशांत कौत्स विद्या संपवून मग गुरुदक्षिणेसाठीं १४ कोटींची याचना करीत रघूकडे जातो. संस्कृतांत उत्तमर्ण आणि अधमर्ण असे धनको-ऋणकोंस नेमके शब्द असूनहि, त्यास कोणी विचारलें नाहीं कीं, बाबा रे, वरतंतूच्या आश्रमांत तूं खरोखर होतास याचा दाखला कोठें आहे? रघूस कुबेराची पाठ होती. हिंगणघाटच्या शाखेस ती नाहीं.

आणखी एक अडचण पुढें येऊं घातली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मधेंच थांबण्याची व पुन्हां परत येण्याची मुभा दिली आहे, आणि मिळविलेलें श्रेय जमा ठेवण्यासाठीं २०२१ सालीं श्रेयांक-पेढीचे नियमहि झाले. शिक्षणाच्या दृष्टीनें ही सोय आहे. पण जो मुलगा एक वर्ष थांबला तो बँकेच्या वहींत 'शिकणारा' कीं 'सोडलेला', हें थांबण्यापूर्वींच लेखी विचारून घेतलेलें बरें. ज्या दोघां गृहस्थांनीं आम्हांस लिहिलें, त्यांनीं प्रथम बँकेवर रागावण्याऐवजीं कॉलेजाकडून दाखला मागवावा, आणि त्यांत प्रवेशाचें वर्ष, चालू वर्ष व पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख या तिन्ही गोष्टी आहेत कीं नाहींत तें पाहावें. बँकेंत देतांना नकलेवर पोंच घ्यावी. आणि दाखला येत नसेल, तर गर्दीची सबब ऐकून घेण्यापूर्वीं मुलाशीं एकांतांत, आवाज न चढवितां बोलावें.

आमच्या पुतण्याचे विषय उन्हाळ्यांत सुटले. आतां तो तिसऱ्या वर्षाच्या पटावर आहे. जुलैंत त्यानें दाखला आपण होऊन आणून दिला. बँकेची पोंच आमच्या पेटींत आहे. पुढील दाखल्याची तारीख वहिनींनीं स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशेबाशेजारीं, लिहून ठेविली आहे.