रॅक नको, पण ती निळी वायर हवीच!

परवा ऑफिसातल्या एका नव्या पोराने मोठ्या कौतुकाने मला त्याची 'लॅब' दाखवली. लॅपटॉपवर पॅकेट ट्रेसर, त्यात बारा राऊटर, आठ स्विच, सगळे दिवे हिरवेगार. सीसीएनएची तयारी जोरात चालू आहे म्हणाला. मी विचारलं, "यातला एखादा स्विच हातातून गेला तर काय करशील?"

"हातातून गेला म्हणजे?"

बास! म्हणून या शनिवारी तुमचं डोकं खायला बसलोय.

आधीच सांगतो, मी पॅकेट ट्रेसरच्या विरोधात नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की ते फुकट मिळतं. ओएसपीएफ, एसीएल, नॅट, आयपीव्ही६ हे सगळं मीही त्यातच घोटलं. सीएमएलचीही ५ नोडची फुकट आवृत्ती २०२४ पासून मिळते. त्यामुळे जुने राऊटर आणून घरात रॅक उभारणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. (२८११ रात्रभर चालू ठेवून बघा. घरात गिरणी टाकल्यासारखं वाटतं. रूममेट वेगळं घर शोधायला लागतो.)

पण "परीक्षेत हार्डवेअरला हात लावावा लागत नाही, मग स्विच कशाला विकत घ्यायचा?" हा जो युक्तिवाद सगळे तोंडावर फेकतात ना, तो मला मान्य नाही. परीक्षा १२० मिनिटांची. नोकरी त्यापुढची.

आता माझीच लाज काढतो. सर्टिफिकेट हातात, नोकरीला सातवा महिना. एका क्लायंटच्या कारखान्यात ट्रंकवर व्हीलॅन ३० वाढवायचा होता. मी पुण्यात, स्विच दीडशे किलोमीटरवर. एसएसएचने आत गेलो आणि टाइप केलं : 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०'. एंटर. कर्सर जागीच थिजला.

जाणकारांनी कपाळावर हात मारलाच असेल. 'व्हीलॅन'नंतर 'ॲड' राहिलं. ते नसलं की यादीत ३० ची भर पडत नाही, जुनी यादी जाऊन फक्त ३० उरतो. ज्या व्हीलॅनवरून मी आत गेलो होतो तोही गेला. बसलेली फांदी तोडली म्हणतात ती अशी. आधी 'रिलोड इन १०' देऊन ठेवलं असतं तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर आला असता. पण ते सुचायला आधी एकदा तरी असं मरावं लागतं.

पाचव्या मिनिटाला रात्रपाळीच्या स्टोअरकीपर काकांचा फोन. "साहेब, स्कॅनर बंद पडलेत, ट्रक गेटवर उभे आहेत."

मी सेव्ह केलं नव्हतं, म्हणजे स्विच बंद करून चालू केला की काम झालं. काकांना तसं सांगितलं.

"बंद करायचं बटण कुठाय साहेब?"

"असेल की समोरच."

"समोर एकच बटण आहे. दाबू?"

"दाबा."

काहीच झालं नाही. होणार कसं? २९६० ला बंद-चालूचं बटणच नसतं, मागची पॉवरची वायर उपटावी लागते. समोरचं बटण 'मोड'चं, त्याने फक्त दिव्यांचा अर्थ बदलतो. नशीब, काकांनी ते दाबून धरलं नाही. दहाएक सेकंद धरलं असतं तर सगळं कॉन्फिगरेशन पुसलं जाऊ शकलं असतं, आणि ते बटण मीच दाबायला सांगितलं होतं! हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं, कारण सर्टिफाईड नेटवर्क इंजिनीअर असूनही मी खराखुरा स्विच कधी हातात धरला नव्हता. चाळीस मिनिटं ट्रक उभे होते.

पॅकेट ट्रेसरमध्ये असं होऊच शकत नाही. नेटवर्कची कितीही वाट लावा, स्विचवर क्लिक केलं की सीएलआय हजर. देवाने दार कायम उघडं ठेवलंय. क्लासवाल्यांच्या भाड्याच्या रॅकचंही तेच, कोणीतरी आधीच सगळ्या वायरी लावून ठेवलेल्या. हात कशाला घालायचा?

माझं म्हणणं इतकंच, की सगळा सराव खुशाल फुकटात करा, पण दोन-तीन जुने २९६० घ्या. लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. परीक्षेची फीच ३०० डॉलर आहे, कर वेगळा, तेव्हा खर्चाचं रडगाणं नको. सोबत ती चपटी निळी कन्सोल वायर, आणि लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबीचा कन्व्हर्टर. ९६०० बॉड. स्विच माळ्यावर ठेवा, वायर कपाटात. काम फक्त एसएसएचने करायचं. स्वतःला बाहेर कोंडलंत तर उठा, स्टूल घ्या आणि माळ्यावर चढा. दोनदा चढलात की 'ॲड' जन्मात विसरणार नाही.

आणि जुन्या स्विचची खरी गंमत तर तो घरी आल्यावर सुरू होते. आधीच्या मालकाचा पासवर्ड तसाच असतो. मग मोड बटण दाबून धरून वायर लावायची, 'फ्लॅश इनिट' द्यायचं, कॉन्फिगच्या फाईलचं नाव बदलायचं, बूट करायचं. हुश्श म्हणून 'शो व्हीलॅन' द्यावं तर समोर कुठल्यातरी ऑफिसचे अकाउंट्स, एचआर, स्टोअर्स! व्हीलॅनची फाईल वेगळी असते, ती कॉन्फिगबरोबर जात नाही. मी अर्धा तास त्या अनोळखी ऑफिसचा नकाशा मनात काढत बसलो होतो.

असो. त्या पोराला माझ्याकडचा एक स्विच आणि निळी वायर देऊन टाकली आहे. त्यावर पासवर्ड टाकलाय. कुठला, ते सांगितलेलं नाही.