पडक्या वास्तूंची ओढ आणि सुरक्षिततेची पारख

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात, कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी कोसळला. चार पर्यटक मृत्युमुखी पडले, तर पन्नासहून अधिक जखमी झाले. हा पूल धोकादायक असल्याचे आधीच जाहीर झाले होते. तरीही रविवारच्या सुट्टीत त्यावर मोठी गर्दी जमली होती. वापरातून बाद झालेल्या बांधकामांकडे लोक ओढले जातात, हे या दुर्घटनेने ठळकपणे समोर आणले.

ही ओढ देशभर दिसते. तमिळनाडूतील धनुष्कोडी हे गाव डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झाले. २०१७ मध्ये अरिचलमुनैपर्यंतचा रस्ता खुला झाल्यानंतर तेथील पडक्या चर्चच्या भिंतींपाशी पर्यटकांची वर्दळ वाढली. पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरसमोरील रॉस बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या नेताजी सुभाषचंद्र बोस बेटावर, ब्रिटिशकालीन इमारतींना वृक्षांच्या मुळांनी विळखा घातला आहे. हे दृश्य मनोहर खरे, परंतु अभियंत्याच्या दृष्टीने ते कोडेच ठरते. मुळे भिंत फोडतात आणि पुढे तीच मुळे फुटलेली भिंत धरूनही ठेवतात. झाड तोडले, तर भिंतीचा आधारही जातो.

अशा वास्तूत शिरण्यापूर्वी तिची मजबुती नुसत्या डोळ्यांनी जोखता येते काय, हा कळीचा मुद्दा आहे. याचे प्रामाणिक उत्तर अर्धे होकारार्थी आहे. इमारत धोकादायक आहे, हे अनेकदा पाहून सांगता येते. ती सुरक्षित आहे, असे मात्र पाहून कधीही म्हणता येत नाही.

तड्यांचेच उदाहरण घेता येईल. गिलाव्यावरील केसासारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. परंतु विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरकी चढत जाणारी आणि वर रुंदावणारी भेग पाया खचल्याचे सुचवते. भेग जुनी असेल, तर तिच्यात धूळ आणि जाळी साचलेली असतात व कडा बोथट झालेल्या असतात. कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल, तर हालचाल अलीकडची आहे, असे समजावे. फुगलेली भिंत, बाक आलेले छत, चौकटीत अडकणारे दार हीदेखील त्याच हालचालीची चिन्हे होत. वरून बारीक खडी किंवा माती गळू लागली, तर विचार करीत थांबण्याइतकाही अवधी उरलेला नसतो. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छत कोसळून सात मुलांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी वरून खडे पडत होते, असे विद्यार्थ्यांनी नंतर सांगितले. ती शाळा वापरातली होती. म्हणजे ही चिन्हे केवळ ओसाड वास्तूंपुरती मर्यादित नाहीत.

सर्वच सामग्री असा इशारा देत नाही. लाकडी तुळई मध्यभागी ठणठणीत दिसते. कुजते ती भिंतीत गाडलेल्या टोकाशी, जेथे ओल मुरते आणि नजर पोहोचत नाही. ओतीव लोखंड वाकत नाही, एकाएकी तुटते. दगडी पट्ट्यांच्या छताचेही तसेच. काँक्रीटमधील सळई गंजली की फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. पोपडे आणि तांबूस डाग दिसू लागतात, तोवर सळईची झीज बरीच पुढे गेलेली असते. म्हणूनच स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये अल्ट्रासोनिक लहरी, रिबाउंड हॅमर आणि सळईच्या गंजाची विद्युत चाचणी यांचा आधार घेतला जातो.

यात गर्दीचा भार धरायचा तो वेगळाच. भारतीय मानकांनुसार निवासी खोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात, तर बांधीव आसने नसलेल्या सभास्थानासाठी सुमारे ५०० किलो. राहत्या घराच्या जुन्या माडीवर छायाचित्रासाठी वीस जण दाटीवाटीने उभे राहिले, की हा फरक ओलांडायला वेळ लागत नाही. त्यात पावसाळा असेल, तर भिजलेल्या भिंतींचे वजन वाढते आणि मातीच्या बांधकामाची पकड सुटते. वरील दोन्ही दुर्घटना जून-जुलैमधील आहेत. मुंबईच्या भेंडीबाजारातील हुसैनी इमारतही ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, मुसळधार पावसानंतर दोनच दिवसांनी पडली. तीत तीसहून अधिक बळी गेले.

कायद्याची बाजूही तोकडी आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षांवरील इमारतीचे परीक्षण करून घेण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे. ओसाड वास्तूला भोगवटादार नसतो आणि मालकी पुष्कळदा वादात अडकलेली असते. परिणामी परीक्षणाची मागणी करणारा कोणी उरत नाही. प्रशासनाच्या हाती राहतो तो फलक. प्रवेशमार्ग प्रत्यक्ष बंद करणे किंवा सुट्टीच्या दिवशी पहारा ठेवणे यांसाठी खर्च लागतो, आणि जी वास्तू पाडायचीच आहे, तिच्यावर तो करण्याची तयारी क्वचितच दिसते.