परत सांगाल का?

गेला महिनाभर आमच्या घरात एकाच वाक्याची उजळणी चालली आहे: ‘मला कळलं नाही, परत सांगाल का?’ पोळ्या लाटता लाटता मी लेकीला मुद्दाम भरभर तीन कामं सांगते आणि लाटणं थांबवून तिच्या तोंडाकडे बघते. तिच्या लक्षात त्यातलं एखादंच काम राहिलेलं असतं. तरी तोंडून पटकन ‘हो’ निघून जातं. मग तिचं तिलाच आठवतं. ती ओठ मिटते आणि सावकाश म्हणते, ‘आई, परत सांग.’ लेक २१ वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि या जुलैत ती कॉलेजात जाणार आहे.

त्या ‘हो’वरच आम्ही तिला वाढवलं. घरी आलेले पाहुणे म्हणायचे, ‘किती गुणी पोर! कशाला नाही म्हणून म्हणत नाही.’ ते ऐकून मला बरं वाटायचं. विशेष शाळेत तिच्या वर्गात आठ-दहाच मुलं होती. ती कुठे अडली आहे, हे बाईंना तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. घरी तहान लागायच्या आत आजी पाण्याचा पेला पुढे करायची. मागायची वेळच तिच्यावर कधी आली नाही. आमच्या मायेनंच तिची जीभ अवघडून ठेवली, हे मला फार उशिरा समजलं.

अभ्यासाची तयारी मात्र आम्ही कसून केली होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे ‘एनआयओएस’मधून, तिनं दहावी आणि बारावी केली. ही वाट ज्या पालकांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत परीक्षेच्या ९ संधी मिळतात. जो विषय सुटला तो सुटला, तो पुन्हा द्यावा लागत नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे हाताला आणि डोळ्याला धरून चालणारे विषय घेता येतात. आम्ही एका वेळी एक, फार तर दोन पेपर दिले. लेखनिक मिळाला, तासामागे २० मिनिटं जादा मिळाली. निकालाच्या दिवशी आजीनं गल्लीभर पेढे वाटले. आता तयारी झाली, असं मी धरून चालले.

खरी परीक्षा प्रवेशाच्या खिडकीवर झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. वयाच्या कमाल मर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. बौद्धिक दिव्यांगत्वाचं नाव त्या कायद्याच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही सगळे कागद घेऊन गेलो. पलीकडच्या कारकुनानं तिचं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, उलटसुलट पाहिलं आणि तिच्याकडे न बघता मला विचारलं, ‘ही इथे येऊन काय करणार?’ मी तावातावानं कलमं सांगू लागले. परतताना रिक्षात लेक म्हणाली, ‘त्यांनी मला विचारायला पाहिजे होतं.’ मी जोरात मान हलवली. जरा वेळानं ती म्हणाली, ‘तू पण मला बोलू दिलं नाहीस.’

त्या दिवसापासून आमच्या तयारीचा क्रम बदलला. पुस्तकं कपाटात गेली आणि आम्ही बसथांब्यावर गेलो. पहिला आठवडा मी तिच्या शेजारी बसले. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावर. तिसऱ्या आठवड्यात मी पुढच्या बसनं गेले. कंडक्टरकडे तिकीट तिनं मागायचं, सुटे पैसे तिनं मोजून घ्यायचे, थांबा चुकला तर शेजारच्या बाईंना तिनं विचारायचं. एकदा थांबा खरंच चुकला. ती दोन थांबे पुढे उतरली आणि तिथल्या औषधाच्या दुकानात शिरून तिनं मला फोन लावायला सांगितला. मी घामाघूम होऊन पोचले तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर शांत बसली होती. म्हणाली, ‘मी विचारलं.’

डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांना कानांनी ऐकलेलं धरून ठेवणं अवघड जातं, डोळ्यांनी पाहिलेलं जास्त टिकतं. म्हणून कॉलेज सुरू व्हायच्या आधी रिकाम्या इमारतीत आम्ही तीनदा फिरून आलो. वर्गाचं दार, ग्रंथालय, मुलींचं स्वच्छतागृह, कॅन्टीन असे सगळ्यांचे फोटो तिनं स्वतः काढले. तेच तिच्या मोबाइलमधलं वेळापत्रक झालं. आणि अंगाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, हे आम्ही आडपडदा न ठेवता बोललो. सगळ्यांना ‘हो’ म्हणणारी मुलगी कुणाच्याही मागे जाऊ शकते. ज्या स्वभावाचं वीस वर्षं कौतुक केलं, त्याच स्वभावाची मला रात्र रात्र धास्ती वाटली आहे.

ती १८ वर्षांची झाली तेव्हा अनेकांनी सुचवलं होतं, १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व घेऊन टाका. ज्या घरांना त्याची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण २०१६च्या कायद्याचं १४वं कलम मर्यादित पालकत्वाबद्दल बोलतं. पालक आणि दिव्यांग व्यक्तीनं एकमेकांवर विश्वास ठेवून मिळून निर्णय घ्यायचा, असा त्याचा अर्थ आहे. मिळून ठरवायचं तर तिला ‘कळलं नाही’ म्हणता आलं पाहिजे. नाहीतर तिचं ‘हो’ म्हणजे माझ्याच मताखाली तिची सही.

कॉलेजची ही वाट आधी चाललेली माणसं आहेत. स्पेनमधल्या मालागाच्या पाब्लो पिनेदानं डाऊन सिंड्रोम असताना विद्यापीठाची पदवी मिळवली. युरोपात तसं करणारा तो पहिला मानला जातो. पुढे २००९ साली सान सेबास्तियनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला. अशी माणसं थोडी असतात. म्हणून मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेनं २००८च्या उच्च शिक्षण कायद्यात केलेलं काम. तिथे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी खास आखलेल्या अभ्यासक्रमांना सरकारी आर्थिक मदतीचं दार उघडलं. मुलं इतरांबरोबर काही तासांना बसतात, नोकरीचा सराव करतात, एकटं राहायला शिकतात. आपल्याकडे जागा राखीव झाली, पण अभ्यासक्रम तोच राहिला आणि त्याची गतीही तीच. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं एक वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबायची मुभा दिली आहे. या मुलांसाठी ती मोलाची आहे, आणि महाविद्यालयांनी ती त्यांना आपणहून समजावून सांगायला हवी.

तयारी एकट्या लेकीनं करून भागणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली महाविद्यालयांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. उतार आणि लिफ्ट हव्यातच. माझ्या लेकीला मात्र पैशांत मोजता न येणाऱ्या तीन गोष्टी हव्या आहेत. शिकवायच्या टिपणांचा कागद एक दिवस आधी. एका वेळी एकच सूचना, आणि प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबणं. अडली तर जिच्याकडे जायचं अशी एक ठरलेली व्यक्ती. एका प्राध्यापिकाबाईंनी तिसरी जबाबदारी आपणहून घेतली. त्यांचा फोटो आता वेळापत्रकात सगळ्यात वर आहे.

लेकीसारख्या अनेक मुलांना बारावी झेपणार नाही. कुणी कार्यशाळेत जाईल, कुणी वडिलांच्या दुकानात बसेल. पण ते एक वाक्य त्या प्रत्येकाला लागेल, दवाखान्यात, बँकेत, स्वतःच्या घरातसुद्धा. ते शिकवायला कॉलेजची वाट बघू नका. दहाव्या वर्षी सुरू करा. आम्ही फार उशीर केला.

परवा रात्री शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मी दमले होते. भराभर वाचून दाखवलं आणि पेन तिच्या हातात देत म्हटलं, ‘इथे सही कर, चालेल ना?’ तिनं पेन घेतलं, कागदाकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. ‘आई, मला कळलं नाही. परत सांग.’

मी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.