तटाबाहेरचे संकट, तटाआतले संकट

संकटकाळी लोकांना कसे सांभाळावे हे सांगताना बायबलमधील मोशेचे नाव बहुधा प्रथम घेतले जाते. परंतु समुद्र दुभंगून वाट काढून देणारा मोशे आपणा संसारी माणसांपासून फार उंचावर उभा असतो. जुन्या करारातील नहेम्या मात्र नोकरदार माणूस. इसवी सनापूर्वी ४४५ च्या सुमारास तो इराणच्या शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, हे वृत्त भावाकडून कळताच तो खाली बसून रडला. परमुलुखात मानाची चाकरी असूनही पूर्वजांच्या गावासाठी ज्याचे डोळे भरून येतात, तो नहेम्या आपल्या वाचकांना परका वाटू नये.

राजाची अनुज्ञा घेऊन तो यरुशलेमेस आला. तीन दिवस गेल्यावर, मनातील बेत कोणाला न सांगता, मोजक्या माणसांनिशी रात्री बाहेर पडून त्याने पडका तट स्वतः पाहिला. मगच लोकांना हाक दिली. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधावयास घेतला. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याच्या कन्याही कामास लागल्या. सनबल्लट आणि तोबीया यांनी आधी कुचेष्टा केली, पुढे हल्ल्याचा कट रचला. तेव्हा निम्मे लोक शस्त्रे घेऊन उभे राहिले व निम्मे बांधीत राहिले.

कथेचा हा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. खरी कसोटी लागते ती पाचव्या अध्यायात. गोरगरिबांनी आक्रोश केला, की धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण पडली, राजाचा कर भरण्यास कर्ज काढावे लागले, पोटची मुले दास्यात द्यावी लागली. आणि सावकार कोण, तर आपलेच भाऊबंद!

शत्रू वेशीपाशी असता, ‘हे रडगाणे मागाहून पाहू’ असे म्हणणे किती सोपे होते! नहेम्या तसे म्हणाला नाही. तो संतापला, पण आधी मनाशी विचार केला आणि मग सभा बोलावून सरदारांना जाब विचारला. त्याच सभेत, आपण व आपले भाऊही पैसा नि धान्य कर्जाऊ देत आहोत, हे त्याने उघडपणे सांगितले. हे व्याज आपण सारेच सोडू या, असे त्याने विनविले. त्याने इतरांच्या चुकीकडे बोट दाखविले, तेव्हा स्वतःला वगळले नाही. जमिनी आणि घरे परत करण्याचे सरदारांनी मान्य केले. नहेम्याने याजकांसमक्ष त्यांच्याकडून शपथ घेवविली. लोकांवर भार जड आहे म्हणून त्याने स्वतः बारा वर्षे सुभेदारीचा भत्ताही घेतला नाही.

तट ५२ दिवसांत पुरा झाला. ज्याचे शेत गहाण आहे आणि ज्याची लेक दुसऱ्याच्या दारी दासी आहे, त्याने तो तट कोणासाठी राखावा? नहेम्याला हा प्रश्न ऐकू आला, यातच त्याचे मोठेपण आहे.

वाचकहो, घरावर आजार किंवा बेकारी ओढवली, की वडीलधारे सर्वांना काटकसर करावयास सांगतात. ते योग्यच आहे. मात्र त्या दिवशी सर्वांत जास्त ओझे कोण मुकाट्याने वाहत आहे, आणि त्यात आपला वाटा किती, एवढे आधी पाहावे.