थोरल्याचें कौतुक आणि धाकट्याची माया

परवां एका वृद्ध स्नेह्यांनीं आम्हांस चारचौघांत चांगलेंच धारेवर धरिलें. "रविवारची सकाळ, घरांत नातवंडें खेळताहेत, देवपूजा व्हावयाची आहे, आणि तुम्ही अमेरिकेंतल्या कॉलेजच्या पोरांची झोंबाझोंबी पाहत बसतां! तीं पोरें जिंकलीं काय नि हरलीं काय, तुमच्या घरांत कोणती भर पडणार?" आम्हीं त्या वेळीं सुपारीचें तबक पुढें करून वेळ मारून नेली, पण आपल्यापाशीं उत्तर नव्हतें ही रुखरुख मनांतून जाईना. शिवाय आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचीं मुलें आज शिक्षणासाठीं त्या देशांत आहेत, आणि फोनवर बोलतांना अभ्यासाइतकाच विद्यापीठाच्या 'टीम'चा विषय त्यांच्या तोंडीं असतो, हेंही आम्ही जाणतों. तेव्हां या महिन्याचीं हीं पानें त्या उत्तरासाठीं.

आमचे चिरंजीव कॅन्सस विद्यापीठांत शिकत असतां आम्हीं एक हिंवाळा लॉरेन्स गांवीं काढिला. अमेरिकेच्या ऐन मध्यावर, गव्हाच्या शेतांच्या मुलुखांत, टेकडीवर विद्यापीठ आणि पायथ्याशीं गांव अशी ही वस्ती. तेथें राहून या विद्यापीठाच्या खेळांची जी गोडी लागली, ती परत आल्यावरही सुटली नाहीं.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस समजेल अशा भाषेंत सांगावयाचें, तर या विद्यापीठाच्या घरांत दोन भाऊ आहेत. थोरला बास्केटबॉल, धाकटा फुटबॉल. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें खेळावयाचा चेंडू नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू छातीशीं कवटाळून, समोरच्या अकरा धटिंगणांतून वाट काढीत, पलीकडच्या रेषेपार न्यावयाचा. हुतुतूचें धाडस आणि कुस्तीचा जोर, दोन्हीं त्यांत लागतात.

थोरला कर्तबगार. १९५२, १९८८, २००८ आणि २०२२ या सालीं त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद घरीं आणिलें. 'बिग ट्वेल्व्ह' नांवाचें विद्यापीठांचें जें मंडळ आहे, त्यांत २००५ पासून २०१८ पर्यंत लागोपाठ चौदा वर्षें पहिल्या स्थानाचा मान त्यानें सोडिला नाहीं. धाकट्याची कुंडली निराळी. २००७ च्या हंगामांत तेरांपैकीं बारा सामने जिंकून त्यानें सर्वांस थक्क केलें, आणि मग जी उतरती कळा लागली ती कांहीं केल्या थांबेना. २०१५ सालीं बारांपैकीं बाराही सामने तो हरला. २०२० सालीं नऊपैकीं नऊ. गांवांतले लोक थोरल्याविषयीं बोलतांना ताठ बसत, आणि धाकट्याचें नांव निघालें कीं हवापाण्याच्या गोष्टी काढीत.

आमचें मत याच्या अगदीं उलट आहे, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. थोरल्यामुळें अभिमान वाढतो हें खरें. पण निष्ठा कसाला लागते ती धाकट्याच्या अंगणांत. हें मत आमच्या पदरचें नव्हे; या घराच्या मूळपुरुषाचें चरित्रच तसें सांगतें.

बास्केटबॉल हा खेळ डॉक्टर जेम्स नेस्मिथ या गृहस्थानें १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील स्प्रिंगफील्ड येथें निर्माण केला. जन्म कॅनडांतील, लहानपणींच आईबाप गेलेले, शिक्षण धर्मोपदेशकाचें. हिंवाळ्यांत बाहेर बर्फ, आंत कंटाळलेले विद्यार्थी; त्यांच्यासाठीं त्यानें भिंतीच्या सज्ज्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढिले. चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें नाहीं, कोणास ढकलावयाचें नाहीं. दांडगाईस वाव राहूं नये हाच त्या नियमांचा हेतु. स्प्रिंगफील्डच्या त्याच संस्थेंतून शिकून आलेल्या हॅरी बक यांनीं १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाची शाळा काढिली, तेव्हां आपल्या देशाशींही या परंपरेचा धागा जुळलेला आहे.

हे नेस्मिथ १८९८ सालीं लॉरेन्सला आले आणि विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. आतां गंमत पाहावी. त्यांच्या हाताखालीं संघानें ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. कॅन्ससच्या संघास आजवर जे प्रशिक्षक लाभले, त्यांत विजयांपेक्षां पराजय अधिक असा एकच निघाला, आणि तो खुद्द खेळाचा जनक! ज्यानें खेळ निर्मिला त्यालाच तो जिंकतां येईना, असें हंसून म्हणणारे आहेत. आम्ही मात्र त्या आंकड्यापुढें हात जोडतों. मुलांनीं खेळावें आणि त्यांत माणूस म्हणून वाढावें, एवढीच त्या सत्पुरुषाची अपेक्षा होती. बास्केटबॉल शिकवावयाचा नसतो, खेळावयाचा असतो, असें त्यांनीं आपल्या एका शिष्यास बजाविल्याची आख्यायिका तेथें अजून सांगतात.

तो शिष्य म्हणजे फॉग ॲलन. गुरूचें तें वचन त्यानें मानिलें नाहीं, आणि १९५६ पर्यंत संघास शिकवून मोठी कीर्ति मिळविली. त्याच्या हाताखालीं खेळलेला अ‍ॅडॉल्फ रप पुढें केन्टकीचा आणि डीन स्मिथ पुढें नॉर्थ कॅरोलिनाचा नामांकित प्रशिक्षक झाला. गाण्याच्या घराण्यासारखीच ही परंपरा. २०२२ च्या अंतिम सामन्यांत कॅन्ससची गांठ याच नॉर्थ कॅरोलिनाशीं पडली. त्यांचे प्रशिक्षक ह्यूबर्ट डेव्हिस हे डीन स्मिथचेच शिष्य. मध्यंतराला आमचा संघ २५ आणि ते ४०, अशी अवस्था. शेवटीं ७२ विरुद्ध ६९ असे आम्ही जिंकलों. अंतिम सामन्यांत इतकी पिछाडी त्यापूर्वीं कोणीही भरून काढिली नव्हती.

परंतु नेस्मिथच्या शिष्यांत आमच्या मतें सर्वांत थोर तो, ज्याला कॅन्ससच्या संघांत पाऊल टाकूं दिलें नाहीं. जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णी विद्यार्थी १९३६ सालीं तेथून पदवीधर झाला. वर्णामुळें त्याला विद्यापीठाच्या संघाचें दार बंद होतें. पण नेस्मिथनीं त्याला जवळ बसवून आपली सारी विद्या दिली. टेनेसीच्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचा प्रशिक्षक म्हणून या मॅक्लेंडननें १९५७, १९५८ आणि १९५९ अशीं ओळीनें तीन राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं. एकलव्याची कथा आपण घरोघर सांगतों. या गुरूनें अंगठा मागितला नाहीं, उलट हात धरून शिकविलें. ५५ आणि ६० या आंकड्यांत हें यश कोठें मोजलें आहे? दार बंद करणाऱ्यांच्या वंशांत आपणही कोठें बसतों, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

आतां थोरल्याचे दोष. त्याचें ॲलन क्रीडागृह १९५५ सालचें. पंधरा हजारांवर माणूस बसतें, आणि सामन्यापूर्वीं तो समुदाय जेव्हां विद्यापीठाचा जुना घोष संथ लयींत म्हणूं लागतो, तेव्हां देवळांतल्या आरतीपूर्वींची शांतता आठवते. परंतु ज्या घरीं रोज पक्वान्न, त्या घरच्या मुलांस वरणभात गोड लागत नाहीं. वर्षांत सहासात पराजय झाले तरी तेथील प्रेक्षक कपाळास हात लावितात. शिवाय विजयाची चटक लागली कीं पाऊल घसरतें. खेळाडूंच्या भरतींतील गैरव्यवहाराची चौकशी २०१७ सालीं देशभर सुरू झाली, तींत आमच्या संघाचेंही नांव आलें. २०१७–१८ च्या हंगामांतील पंधरा विजय २०२३ सालीं रद्द ठरविण्यांत आले. भक्तानें देवाच्या मूर्तीवरील डागही पाहिला पाहिजे.

धाकट्याकडे वळूं. १३ नोव्हेंबर २०२१. आपल्याकडे रविवारची सकाळ. सामना टेक्सास विद्यापीठाशीं, त्यांच्याच मैदानावर. मंडळांतील सामना परगांवीं जिंकल्यास धाकट्यास तेरा वर्षें लोटलीं होतीं; असे ५६ सामने त्यानें ओळीनें गमाविले होते. घरच्या मंडळींनीं आमच्याकडे कींव आल्यासारखें पाहिलें आणि चहा ठेवून गेलीं. सामना बरोबरींत सुटून वाढीव डावांत गेला. टेक्सासचे ५६, कॅन्ससचे ५५. एक गुण घेऊन बरोबरी साधावी, हा सावध मार्ग. नवे प्रशिक्षक लान्स लाइपोल्ड यांनीं दोन गुणांचा डाव मांडिला: साधला तर जय, फसला तर तेथेंच पराजय. चेंडू गेला तो जॅरेड केसी नांवाच्या मुलाकडे. पश्चिम कॅन्ससमधील प्लेनव्हिल या खेड्यांतला हा पोरगा. शिष्यवृत्ति नाहीं, नांव नाहीं, स्वतःच्या हौसेनें संघांत येऊन सराव करणारा. त्यानें तो चेंडू झेलला. ५७ विरुद्ध ५६!

आमचा चहा निवून गेला होता, आणि डोळ्यांत पाणी होतें. थोरल्याच्या कोणत्याही अजिंक्यपदानें आम्हांस तो आनंद दिला नाहीं. पुढें २०२३ सालीं धाकट्यानें तेरांपैकीं नऊ सामने जिंकून डोकें वर काढिलें, आणि २०२४ सालीं पुन्हां पडला. तरी आमचा लोभ कमी झाला नाहीं.

या दोघांच्या संबंधांत एक दुःखाचा भाग आहे, आणि तो एकत्र कुटुंबांतील वाचकांस लगेच उमगेल. कीर्ति थोरल्याची असली तरी अमेरिकेंत पैसा येतो तो फुटबॉलमधून. फुटबॉलच्या सामन्यांसाठीं दूरचित्रवाणीच्या कंपन्या अपार द्रव्य देतात, आणि त्या लोभानें विद्यापीठांचीं जुनीं मंडळें फुटत चाललीं आहेत. शेजारच्या मिसूरी विद्यापीठाशीं कॅन्ससचें वैर जुनें. गुलामगिरीच्या प्रश्नावरून या दोन प्रांतांत रक्त सांडलें. १८६३ सालीं मिसूरीकडून आलेल्या टोळीनें लॉरेन्स जाळून सुमारें दीडशें माणसें मारिलीं. १८९१ पासून तें वैर फुटबॉलच्या मैदानावर आलें आणि पुढें खेळापुरतें उरलें. रक्ताची जागा घोषणांनीं घेतली. खेळानें समाजाचें याहून मोठें काम तें कोणतें करावें? पण २०१२ सालीं अधिक धनाच्या मंडळांत जाण्यासाठीं मिसूरीनें वांटणी करून घेतली. मग आपल्याकडे भाऊबंद करितात तेंच झालें: येणेंजाणें बंद. बास्केटबॉलची भेट २०२१ सालीं आणि फुटबॉलची २०२५ सालीं पुन्हां घडली. धाकटा ४२ विरुद्ध ३१ असा हरला. पण सामना झाला याचाच आम्हांस हर्ष.

खेळाडूंस पैसा द्यावा कीं नाहीं, यावर तेथें मोठा वाद माजला. २०२१ पासून त्यांस आपल्या नांवावर द्रव्य मिळवितां येऊं लागलें, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठेंही प्रत्यक्ष वेतन देऊं शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लाख डॉलर. जुनी मंडळी म्हणतात, खेळ बाटला. आम्हांस तें पटत नाहीं. नेस्मिथचे तेरा नियम लिहिलेले दोन कागद २०१० सालीं ४३ लाख डॉलरांस विकले गेले. क्रीडागृहें बांधिलीं गेलीं, प्रशिक्षक धनाढ्य झाले. आणि ज्यांचे गुडघे फुटतात त्या मुलांनींच तेवढें निरिच्छ राहावें, हा कोणता न्याय? दक्षिणा पुजाऱ्यानें घ्यावी आणि मृदंग वाजविणाऱ्यानें उपाशी राहावें, यांतलाच हा प्रकार. आमची तक्रार दुसरी आहे. आतां खेळाडूस दरवर्षीं विद्यापीठ बदलतां येतें. पोर नजरेसमोर वाढावें, पहिल्या वर्षीं चुकावें, चौथ्या वर्षीं संघाचा आधार व्हावें, हें पाहण्यांतलें सुख हरपत चाललें आहे. मोबदला द्या, पण दोनतीन वर्षें एका घरीं नांदण्याचा करारही घ्या, असें आमचें म्हणणें.

आणि आतां स्नेह्यांस उत्तर. त्या पोरांच्या जयानें आमच्या घरांत भर पडत नाहीं, हें कबूल. परंतु प्रत्येक घरांत एक मुलगा असा असतो कीं ज्याच्या परीक्षेचा निकाल पाहुण्यांपुढें कोणी काढीत नाहीं. त्याच्या पाठीशीं उभें राहण्याची संवय मनाला लागावी लागते, आणि ती आम्हांस एका हरणाऱ्या संघानें लाविली. आमच्या धाकट्या नातवास यंदा गणितांत कमी गुण पडले. रविवारीं आम्हीं त्याला शेजारीं बसवून सामना दाखविला. कॅन्सस हरत होतें. "आजोबा, आतां बंद करायचें?" असें त्यानें विचारलें. आम्हीं सांगितलें, "शेवटपर्यंत पाहूं."