खडकीचं मैदान, खडकीचं मत

माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार, यांस


15 जानेवारी 2026 रोजी पुणे महापालिकेची निवडणूक झाली. मार्च 2022 पासून पुण्याचा कारभार प्रशासकांच्या हाती होता, त्यामुळे जवळजवळ चार वर्षं दाबून ठेवलेली हौस कार्यकर्त्यांनी भागवून घेतली. बोपोडीत रिक्षांवर भोंगे होते, गळ्यांत उपरणी होती, चहाच्या टपऱ्यांवर आकडेमोड चालली होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं तिथून पुढे खडकी बाजाराकडे वळलं की मात्र शुकशुकाट. खडकीकरांनी भोंगे ऐकले. मत देण्याचा प्रश्नच नव्हता. खडकी छावणीत मोडते, आणि छावणी आपल्या खात्यात.

खडकीचा माणूस खासदार निवडतो, शिवाजीनगरचा आमदार निवडतो. पण दारातला नळ, गटार, दिवा आणि पोरांचं मैदान ज्यांच्या अखत्यारीत येतं त्यांना निवडण्यासाठी त्यानं शेवटचं मत दिलं ते जानेवारी 2015 मध्ये. तेव्हा छावणी मंडळावर निवडून आलेल्या आठ सदस्यांची मुदत फेब्रुवारी 2020 मध्ये संपली. दोनदा मुदतवाढ मिळाली, तीही संपली. मग मंडळ आलं तिघांचं: अध्यक्षपदी लष्करी अधिकारी, सोबत मुख्याधिकारी आणि सरकारनं नेमलेला एक नागरिक. सत्तर हजारांवर वस्तीचा आवाज म्हणून हा एक माणूस, आणि तोही नेमलेला. फेब्रुवारी 2023 मध्ये आपल्या मंत्रालयानं देशातल्या 57 छावण्यांसाठी 30 एप्रिल ही मतदानाची तारीख जाहीर केली. इच्छुकांनी कपड्यांना इस्त्री केली, आणि 17 मार्चला अधिसूचना मागे घेतली गेली. कारण विलीनीकरणाचं सांगितलं जातं: छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना द्यायचा आहे, मग आता निवडणूक कशाला? ते ‘आता’ अजून संपलेलं नाही.

यात हॉकी कुठून आली, असं आपल्या सचिवांना वाटेल. पण खडकीत कुठलाही विषय काढा, तो दोन-तीन वाक्यांत मैदानावर येतो.

1869 साली इथे दारूगोळा कारखाना उभा राहिला. त्याच्या आणि लष्कराच्या आधारानं तमिळ, तेलुगू, मराठी, उत्तर भारतीय अशी मिश्र वस्ती वाढली. या वसाहतीत पोरं एका वाक्यात तीन भाषा बोलत आणि भांडण झालं की चौथी. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका मैदान-कामगाराचा मुलगा भावांबरोबर मोडक्या स्टिका आणि फेकून दिलेले चेंडू घेऊन धुळीत खेळायचा. ती धूळ लक्षात ठेवण्याजोगी आहे. मातीवर चेंडू सरळ येत नाही, खड्ड्याला लागून उसळतो, त्यामुळे मनगट सतत जागं ठेवावं लागतं. पुढे प्रतिस्पर्धी बचावपटूंना घाम फोडणारी धनराज पिल्लेची चेंडूवरची पकड इथून सुरू झाली. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. 1998 मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक. तिथून परतल्यावर त्याला आणि आणखी सहा ज्येष्ठांना संघाबाहेर ठेवलं गेलं. अधिकृत कारण ‘विश्रांती’. पण खेळाडूंच्या थकलेल्या पैशांबद्दल बोलल्याची ती शिक्षा होती, असं तेव्हाही उघड बोललं गेलं आणि खडकीत आजही बोललं जातं. वरून नेमलेल्या मंडळींना खालून प्रश्न विचारलेला आवडत नाही, एवढं या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

2004 चा अथेन्सचा संघ बघा. धनराज आणि विक्रम पिल्ले, दोघेही खडकीचे. मुंबईचे वीरेन रस्किन्हा आणि गोलरक्षक एड्रियन डिसूझा. एका ऑलिंपिक संघात महाराष्ट्राचे चौघे! संघ सातवा आला, ही गोष्ट वेगळी. 2016 मध्ये रिओला मुंबईचा देविंदर वाल्मीकी होता. त्यानंतर टोकियोत आणि पॅरिसमध्ये भारतानं कांस्यपदकं जिंकली, देश नाचला, खडकीही नाचली. पण त्या दोन्ही पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. मुलींच्या बाबतीत चित्र जरा बरं आहे. फलटण परिसरातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ भारताच्या संघांपर्यंत पोचल्या. गावचं मैदान, एक चिकाटीचा मार्गदर्शक आणि मागे उभे राहणारे आईबाप एवढ्या भांडवलावर हे होऊ शकतं, तर जिथे दीडशे वर्षांची कारखान्याची वसाहत आहे तिथे का होऊ नये?

ओडिशाचं उदाहरण कुणीही देतं, आणि ते खोटं नाही. त्या राज्यानं 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं, 2023 च्या विश्वचषकासाठी राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियम उभारलं. पण खडकी कुणाकडे स्टेडियम मागत नाही. शेजारच्या पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं पॉलिग्रास मैदान आहे, राष्ट्रीय स्पर्धा तिथे होतात. बालेवाडीतही टर्फ आहे. टर्फ पाहिजेच, 1976 च्या माँट्रियलपासून ऑलिंपिक हॉकी टर्फवरच खेळली जाते. मात्र आठ वर्षांचं पोर बस बदलून टर्फवर जाऊन खेळाच्या प्रेमात पडत नसतं. शाळा सुटल्यावर घरी दप्तर फेकून जिथे पाच मिनिटांत पोचता येतं, तिथे ते प्रेमात पडतं. टर्फ नंतरची पायरी.

खडकीच्या हॉकीला मैदानाइतकाच आधार नोकरीचा होता. थोरला भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता म्हणून धनराज मुंबईला गेला. पुढे महिंद्रा, मग इंडियन एअरलाइन्स. स्टिक हातात धरणाऱ्या मुलाच्या आईला ‘पुढे काय?’ याचं उत्तर त्या नावांत मिळत होतं. इंडियन एअरलाइन्स ज्या एअर इंडियात विलीन झाली, ती आज टाटांची आहे. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला, जिचं मुख्यालय पुण्यातच आहे. कंपनी नफा बघणार, तिनं तो बघावाही. फक्त ताळेबंदात मैदान कुठल्या रकान्यात बसतं? ‘न वापरलेली जमीन’ या रकान्यात बसलं, तर ते गेलंच म्हणायचं.

विलीनीकरणाला खडकीकरांचा सरसकट विरोध आहे असं नाही. उलट अनेकांना ते कधी होतंय असं झालंय. जीएसटी आल्यावर छावण्यांचं स्थानिक संस्था कराचं (एलबीटी) उत्पन्न गेलं, भरपाईसाठी केंद्र आणि राज्य एकमेकांकडे बोट दाखवत राहिली आणि तिजोरी रिकामी झाली. वाढीव बांधकामाची परवानगी, पाणी, रस्ता रुंदीकरण, सगळ्यात लष्करी जमिनीचा प्रश्न आडवा येतो. पुण्याची मेट्रो ऑगस्ट 2023 पासून खडकीवरून धावत होती, पण खडकीचं स्थानक उघडलं 2025 मध्ये. मधली दोन वर्षं लोक आपल्या डोक्यावरून जाणारी गाडी मान वर करून बघत होते. महापालिकेत गेल्यानं हे सारं सुटेल असं मानणं भोळेपणाचं आहे. अलीकडे पुण्यात घेतलेल्या गावांतल्या टँकरांच्या रांगा त्यासाठी बघून याव्यात. तरी महापालिकेत निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता येतं.

खरी गोम वाटणीच्या अटींत आहे. आपल्या मंत्रालयाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नागरी सुविधांची मालमत्ता राज्याला किंवा पालिकेला विनामूल्य जाणार, आणि जिथे लागू असेल तिथे जमिनीचा हक्क केंद्राकडे राहणार. मग खेळाचं मैदान ही नागरी सुविधा आहे का? दवाखाना, शाळा, पाण्याची टाकी यांबद्दल कुणाला शंका नाही. मैदानाबद्दल आहे. काही मैदानं छावणी मंडळाची, काही लष्कराची, काही कारखान्याची. खेळणाऱ्या पोरांना ही हद्द कधी दिसली नाही, पण छावणीच्या जमीन नोंदवहीत ती रेघ पक्की आहे. उद्या नकाशा कापला गेला की मैदान एकीकडे, पोरं दुसरीकडे आणि मध्ये फाटक, असं व्हायला एका सहीपलीकडे काही लागणार नाही. राज्यातल्या सातही छावण्यांत, देवळालीपासून कामठीपर्यंत, थोड्याफार फरकानं हाच प्रश्न येणार आहे.

तेव्हा विलीनीकरणाची अंतिम अधिसूचना काढण्याआधी खडकीतल्या प्रत्येक मैदानाचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि सध्याचा ताबा लिहिलेली यादी बाजारात आणि कारखान्याच्या वसाहतीत, मराठी आणि तमिळमध्ये लावावी. जी मैदानं पालिकेकडे जातील ती विकास आराखड्यात खेळासाठीच राखीव राहतील, ही अट हस्तांतराच्या कागदातच असावी. जी लष्कराकडे किंवा कंपनीकडे राहतील, त्यांवर संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना ओळखपत्रावर प्रवेश मिळावा आणि त्याचा लेखी करार व्हावा. विलीनीकरणाला आणखी वर्ष-दोन वर्षं लागणार असतील, तर मधल्या काळासाठी मंडळाची निवडणूक घ्यावी. 2023 ची मतदार यादी छावणीच्या कपाटात असेलच. तिच्यात तेव्हा जे पंधरा ते सतरा वर्षांचे होते त्यांची नावं फक्त वाढवावी लागतील.

कळावे,
खडकी बाजारातला एक रहिवासी