पक्षकाराचे बोलणे कुणाच्या संगणकावर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पोटगीच्या एका प्रकरणात कागदांची यादी जोडायची राहिली होती आणि पुकारा व्हायला वीसेक मिनिटे होती. कोर्टाजवळच्या एका झेरॉक्स सेंटरवर गेलो. काउंटरवरचा मुलगा कागदाचा रीम आणायला आत गेला आणि समोरच्या स्क्रीनवर कुणाचे तरी व्हॉट्सअ‍ॅप उघडे दिसले. ते दुकानाचे नव्हते. आपल्याच बार असोसिएशनमधल्या एका वकील मित्राचे होते. सकाळी जामीन अर्जाची प्रिंट काढून घाईघाईत ते कोर्टात गेले, खाते तसेच राहिले. सगळ्यात वरच्या चॅटमध्ये एका बाईंचा निरोप होता : "साहेब, मी आता कुठं राहते ते सासरी कळू देऊ नका." खाली भाडेकराराचा फोटो. माझ्या मागे पाच-सहा माणसे उभी होती. मुलाला सांगून खाते बंद करून घेतले आणि लगेच मित्राला फोन केला. त्यांच्या आणि त्या बाईंच्या संमतीनेच हे लिहितो आहे. ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही.

पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय बाहेर काढायची नाही, हे आपण पुराव्याच्या कायद्याच्या पहिल्या तासापासून शिकत आलो. जुन्या कायद्यातले कलम १२६ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३२ झाले. त्याच कलमाने हे बंधन दुभाषे, वकिलाचे कारकून आणि नोकर यांनाही लागू आहे, हे मात्र आपण क्वचितच आठवतो. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वकिलांना समन्स काढण्याच्या प्रश्नावर स्वतःहून दखल घेतलेल्या प्रकरणात, याच कलमाला बळ दिले. पक्षकाराची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने सरसकट वकिलाला बोलावू नये. वकिलाचे डिजिटल उपकरण हवे असेल तर ते न्यायालयासमोरच हजर करायचे. उघडायची वेळ आली तर पक्षकार आणि वकील यांच्या समक्ष, त्यांच्या पसंतीच्या तज्ज्ञाच्या मदतीने उघडायचे, आणि इतर पक्षकारांची गोपनीयता राखायची. न्यायालयाने आपल्या संगणकाभोवती एवढे कुंपण घातले, आणि आपण तेच बोलणे दहा रुपयांच्या प्रिंटसाठी काउंटरवर उघडे टाकून येतो. मला हे फार लागले आहे.

निरोपांना अ‍ॅपने घातलेले कुलूप चांगले आहे, यात शंका नाही. सिग्नल या अ‍ॅपवरचा निरोप पाठवणाऱ्याच्या यंत्रावर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या यंत्रावरच उघडतो. मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. सिग्नलचीच कूटपद्धत व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ पर्यंत आपल्या सर्व संदेशांना लावली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने सिग्नलच्या कंपनीकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा कंपनीला दोनच गोष्टी देता आल्या : खाते कधी उघडले आणि ते शेवटचे कधी जोडले गेले. निरोप नाही, संपर्कांची यादी नाही. द्यायला जवळ काही नव्हतेच. पण हे कुलूप दोन टोकांच्या मधल्या वाटेचे आहे. टोकाला जे यंत्र आहे, तिथे निरोप उघडाच असतो. त्याशिवाय वाचणार कसा? आणि आपल्या व्यवसायात ते टोक हल्ली टेबलावरच्या संगणकावर आलेले आहे. कैफियत तिथेच टाइप होते, उच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या वकिलांना नकला तिथूनच जातात, आणि त्या खुर्चीवर दिवसभर आपल्याखेरीज कारकून, ज्युनिअर, कधी पक्षकाराचा मेहुणासुद्धा बसतो.

म्हणून एका रविवारी आमचे कारकून तात्या आणि मी सिग्नल संगणकाला नीट कसे जोडायचे ते शिकायला बसलो. तात्यांनी टाइपरायटरवर बोटे घडवलेली. ज्युनिअरला सांगितले असते तर पाच मिनिटांत सगळे जोडून दिले असते. पण आपल्या खात्याच्या किल्ल्या कुठे कुठे आहेत हे ज्याचे खाते त्यालाच माहीत असायला हवे, म्हणून त्या दिवशी त्याला बोलावले नाही.

सिग्नल नुसत्या संगणकावर सुरू होत नाही. आधी फोनवर खाते लागते. ते माझ्याकडे होतेच, म्हणून सिग्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच संगणकाचे अ‍ॅप उतरवले. शोधात वर आलेल्या पहिल्याच दुव्यावर जाऊ नये, तिथे नकली अ‍ॅपही असू शकते. अ‍ॅप उघडल्यावर स्क्रीनवर क्यूआर कोड आला. फोनच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून त्यावर कॅमेरा धरला. फोनने विचारले, जुने संदेश संगणकावर न्यायचे का? ही सोय जानेवारी २०२५ पासूनची. त्याआधी नव्या संगणकावर पाटी कोरीच असे. मी नाही म्हटले. चेंबरच्या संगणकावर आजपासूनचेच येऊ दे, त्याला मागच्या तीन वर्षांची गरज नाही.

"साहेब, तुम्ही फोन घेऊन गंगाखेडला गेलात, तर इथं हे चालू राहील?" तात्यांनी विचारले.

राहील. फोन बंद असला तरी राहील. लोकांना वाटते फोन खिशात आहे म्हणजे खाते खिशात आहे. जोडलेला संगणक फोनची वाट बघत नाही, ती खात्याची दुसरी किल्लीच असते. सिग्नलवर अशा पाच किल्ल्या करता येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर चार.

मग तात्यांनीच व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडायला लावली. माझ्या खात्यावर दोन संगणक होते. एक चेंबरचा. दुसऱ्यासमोर क्रोम, विंडोज आणि मागच्या आठवड्यातली एक वेळ. आठवायला बराच वेळ लागला. तालुक्याच्या कोर्टात गेलो होतो, तिथल्या टायपिंगच्या दुकानात तातडीने एक अर्ज दुरुस्त केला होता. म्हणजे ज्या चुकीसाठी मी मित्राला फोन केला होता, तीच मी केली होती, आणि मला कुणाचा फोन आला नव्हता. त्या ओळीवर बोट ठेवून 'लॉग आउट' केले.

ही यादी आता आम्ही दर सोमवारी पाहतो. किल्ली जोडण्याच्या याच सोयीचा गैरवापर होतो आहे. युक्रेनच्या युद्धात रशियाशी संबंधित टोळ्या खोटे क्यूआर कोड पाठवून सिग्नलची खाती स्वतःच्या यंत्राला जोडून घेत असल्याचे गूगलच्या सुरक्षा पथकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केले. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने व्हॉट्सअ‍ॅपबाबत तशाच फसवणुकीचा इशारा दिला. दोन्हीकडे कूटलेखन कुणी फोडले नाही, माणसाकडूनच दार उघडून घेतले. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात, वेबवर उघडलेले खाते जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बंद व्हावे असे कंपन्यांना सांगितले. सहा तास म्हणजे आपला कोर्टाचा जवळजवळ सबंध दिवस. झेरॉक्सच्या काउंटरवर तेवढ्या वेळात किती माणसे येऊन जातात ते मोजून पाहावे.

संगणकाबद्दलही दोन शब्द. सिग्नलच्या संगणकावरील अ‍ॅपला वेगळा पासवर्ड नाही. विंडोजचे कुलूप हेच त्याचे कुलूप. तात्यांसाठी विंडोजमध्ये वेगळे खाते करून दिले. त्यांचे टायपिंग, बोर्ड, तारखा तिथे. माझे निरोप माझ्या खात्यात. उठताना विंडोजचे बटण आणि एल एकत्र दाबायचे, की स्क्रीनला कुलूप. आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आहे. आपल्या कित्येक चेंबरांत तेच चालू आहे. नवा संगणक घेणे प्रत्येकाला जमणार नाही हे मला कळते, पण तसे असेल तर त्या यंत्रावर पक्षकाराचे खाजगी बोलणे तरी नको.

यापुढचा प्रश्न अवघड आहे, आणि तो आपल्याच धंद्याचा आहे. सिग्नलवर निरोप ठरावीक मुदतीने आपोआप पुसले जाण्याची सोय आहे. सल्लामसलतीसाठी ती उत्तम. पण पक्षकाराने पाठवलेला धमकीचा संदेश, मारहाणीचा व्हिडिओ, पैशांच्या व्यवहाराचा फोटो हा पुरावा आहे, आणि पुरावा म्हणून हजर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. त्यामुळे मुदत लावण्याआधी त्या चॅटमध्ये काय येणार आहे याचा विचार वकिलाने करायचा. अ‍ॅप तो करणार नाही. मी पुराव्यासाठी वेगळे चॅट ठेवतो, त्याला मुदत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचा देशभर उद्धृत होणारा निकाल आपल्या परभणीच्या शेजारच्या जालन्यातून निघाला आहे. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. वाद होता २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही याचा, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणाचा. आता जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले, आणि प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा बोटाच्या ठशासारखा आकडा, भरायचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. संगणकावर येते ती मूळ फाइल नसते, आणि तिचा हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जशाचा तसा येतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच आहे. एका ओळीत हॅश काढून देते. तात्यांनी ती ओळ वहीत लिहून ठेवली आहे.

डिसेंबर २०२४ परभणीत कुणी विसरलेले नाही. १० डिसेंबरला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, दुसऱ्या दिवशी बंद आणि हिंसाचार, मग अटका, आणि १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. अशा दिवसांत घाबरलेला माणूस वकिलाकडे येतो तो फोन पुढे करून. त्या फोनमधली फाइल मूळ रूपात कशी घ्यायची, ज्याने चित्रीकरण केले त्याचे नाव बाहेर फुटू न देता ती कशी जपायची, हे त्या घडीला शिकता येत नाही. ते आधी यायला हवे.

पालम किंवा सोनपेठच्या खेड्यातला पक्षकार सिग्नल घेणार नाही, त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप आहे किंवा बटणाचा फोन आहे, असे बरेच जण म्हणतील. बरोबर आहे. त्याला नवे अ‍ॅप लादू नये. पण वकील-वकिलांमधले बोलणे, पॉक्सोची आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणे, खंडपीठाकडे जाणारे कागद यासाठी आपण ते वापरू शकतो. आणि प्रिंटसाठी दुकानात खाते उघडण्यापेक्षा तीन-चार ज्युनिअरांनी मिळून चेंबरमध्ये एक प्रिंटर घ्यावा. खर्च वाटून घेतला तर तो कुणालाच जड जाणार नाही.

त्या बाईंना हे सांगायचे की नाही यावर मित्र दोन दिवस विचार करत होते. शेवटी पुढच्या तारखेच्या आधी त्यांनी बाईंना चेंबरमध्ये बोलावले आणि मीही आलो तर बरे, असे म्हणाले, कारण पाहिले मी होते. काय झाले ते मित्रांनी काही न लपवता सांगितले, माफी मागितली. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "साहेब, तुमच्या मागं रांगेत कोण कोण उभं होतं?"

मला एकही चेहरा आठवला नाही.